पायावर पाय टाकून

दाजींच्या मते जगात माणसं थोडी आणि गाढवं फार होती, आणि त्या गाढवांतली निम्मी तरी गाडी शिकायला नेमकी त्यांच्याच नशिबी येत. मेहुण्याने ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हापासून ते तिथे शिकवत होते. मेहुणा त्यांना दाजी म्हणे, म्हणून मेकॅनिकही दाजी म्हणे, फोन घेणारी मुलगीही दाजी म्हणे, आणि दोन दिवसांत शिकाऊ लोकही तेच म्हणायला लागत. आपण अख्ख्या गावाच्या बहिणीशी लग्न केलेलं नाही, असं ते कुरकुरत. पण ऐकतो कोण?

शिकवायच्या गाडीत एक जास्तीची सोय असते. चालवणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो, तसाच एक शेजारच्या सीटपुढेही असतो. शिकणारा गडबडला की शेजारी बसलेल्याने तो दाबून गाडी थांबवायची, एवढंच त्याचं काम. दाजींनी मात्र त्या शेजारच्या सीटचं सिंहासन करून टाकलं होतं. सीट पार मागे सरकवायची, डाव्या पायावर उजवा पाय टाकायचा आणि खिडकीबाहेर असं बघत बसायचं, की गाडी चालवणाऱ्याशी आपली ओळखसुद्धा नाही. चूक झाली की उजवा पाय सावकाश खाली यायचा आणि ब्रेकवर असा पडायचा, की शिकणाऱ्याची मान पुढे जाऊन मागे यायची. मग दाजी शांतपणे म्हणायचे, "तुमच्या पायाला अक्कल नाही."

हे वाक्य त्यांनी बँकेच्या मॅनेजरला ऐकवलं होतं, गणिताच्या प्राध्यापकाला ऐकवलं होतं आणि दातांच्या एका डॉक्टरीणबाईंना तर भर चौकात ऐकवलं होतं. त्या बाई पुन्हा फिरकल्या नाहीत. लोक आपल्याला मिळालेल्या बक्षिसाची गोष्ट जशी सांगतात, तशी दाजी ही गोष्ट सांगत.

पायावर पाय टाकून बसणं ही त्यांची नुसती सवय नव्हती, ते त्यांचं मत होतं. ऑफिसात, घरी, आजाऱ्याच्या खाटेशेजारी, आणि मेहुण्यासमोर तर हटकून. बायको म्हणायची, "लोक चपला दाराशी काढून ठेवतात. तुम्ही चपलेचा तळ पाहुण्यांच्या नाकासमोर धरता." त्यावर दाजींचं म्हणणं असं, की पाहुणे त्या लायकीचे असतात त्याला मी काय करू.

मेहुण्याचं पोट हा दाजींचा आवडता विषय होता. ते स्टिअरिंगला टेकायचं. गाडी वळवताना हाताच्या आधी पोट वळतं, असं दाजी फोनवाल्या मुलीला सांगत आणि ती बिचारी नोकरीकडे बघून अर्धंच हसे. आपण त्या जातकुळीतले नाही हे जगाला दिसावं म्हणून दाजींनी त्या वर्षी संध्याकाळचं जेवण सोडलं. पट्ट्याला नवी भोकं पडली, गाल आत गेले, गुडघ्याची हाडं वर आली. आरशात ते स्वतःकडे आदराने बघत. आदर दाखवावा असं दुसरं कुणी त्यांच्या बघण्यात नव्हतंच.

त्याच सुमारास इस्त्रीबाई शिकायला आल्या. हे नाव दाजींनीच ठेवलेलं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे येतात अशा मोठ्या लाँड्रीत त्या वाफेच्या इस्त्रीवर उभ्या असत. मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते आणि वाक्य संपता संपता खोकला यायचा. इतकी वर्षं वाफेत काढल्यावर छातीने कुरकूर सुरू केली होती. लाँड्रीच्या डिलिव्हरी व्हॅनचा ड्रायव्हर नोकरी सोडून चालला होता. मालकाने सांगितलं होतं, तो जायच्या आत लायसन्स आणलंत तर व्हॅन तुमची, नाही तर मी बाहेरून माणूस घेणार. म्हणजे बाईंपुढे दोनच गोष्टी होत्या, व्हॅन नाही तर वाफ. मालक वाट बघत बसणारा नव्हता आणि छातीही बसणार नव्हती.

पहिल्या दिवशी दाजींनी क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर दाखवला तेव्हा बाई प्रत्येकाचं नाव पुटपुटत राहिल्या, जशी लहान मुलं पाठांतर करतात. दाजींनी नाक मुरडलं. चौथ्या गल्लीत त्यांचा पाय खाली आला, ब्रेक बसला, आणि बाईंच्याही पायाला अक्कल नसल्याचं जाहीर झालं. बाई म्हणाल्या, "नसेल. शिकवा मग." दाजींना हे उत्तर उद्धट वाटलं, पण उद्धटपणा नेमका कुठे आहे ते सापडेना.

पुढच्याच आठवड्यात दाजी लायसन्सच्या कचेरीत काही कामासाठी गेले. साहेब जागेवर नव्हते. बाकीचे लोक चहाला गेले, फेऱ्या मारू लागले, जांभया देऊ लागले. दाजी बाकावर पायावर पाय टाकून बसून राहिले. आपण ताटकळत नाही, आपण बसलो आहोत, हे त्या कचेरीला कळायला नको? दुपार सरली तरी त्यांनी पाय बदलला नाही. शेवटी नाव पुकारलं तेव्हा ते रुबाबात उठले, एक पाऊल टाकलं, आणि उजव्या पायाचा चवडा फरशीवर आपटला. टप्प. दुसरं पाऊल टाकलं, पुन्हा टप्प.

पाय झोपला असेल, असं त्यांना वाटलं. पण झोपलेला पाय जागा होतो तेव्हा आधी मुंग्या येतात, माणूस ओय ओय करतो आणि मिनिटाभरात चालायला लागतो. इथे मुंग्यांचा पत्ता नव्हता. टाच ठीक होती, गुडघा ठीक होता, फक्त पुढचं पाऊल अंगठा तुटलेल्या चपलेसारखं लोंबत होतं. वर उचल म्हटलं की ते उचलायचं नाही. नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वर हात फिरवला तर कापडावरून फिरवल्यासारखा लागत होता. खाली दाबायला मात्र तो पाय पूर्वीइतकाच तयार होता. दाबता येत होतं, उचलता येत नव्हतं.

दाजींनी हे कुणाला सांगितलं नाही. आजारी पडणं हा त्यांच्या लेखी सामान्य लोकांचा धंदा होता. शिवाय मेहुण्याला कळलं असतं तर त्याने त्यांना ऑफिसातल्या खुर्चीवर बसवलं असतं आणि शेजारची सीट गेली असती. ती सीट गेली की दाजींकडे उरणार काय? घरात त्यांना कोणी भीत नव्हतं, बाहेर कोणी ओळखत नव्हतं. लोकांना घाम फुटायचा तो फक्त त्या एका सीटवरून. म्हणून ते जाडजूड बूट घालू लागले आणि गुडघा उंच उचलून, चिखलातून चालल्यासारखे चालू लागले. टाच दुखतेय, असं मेहुण्याला सांगितलं.

घरी मात्र लपवता येईना. ते आतल्या खोलीत पोचायचे आणि उजवी चप्पल दारातच राहायची. बायकोने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी चप्पल हातात घेऊन समोर उभी राहिली. "चला डॉक्टरकडे." दाजी म्हणाले, डॉक्टरांना काय कळतं. ती म्हणाली, तुम्हाला तरी कुठे कळतंय, आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टर तरुण मुलगी होती आणि तिने त्यांना काका म्हटलं, इथेच तिचे निम्मे गुण गेले. तिने पाठ तपासली, गुडघ्यावर हातोडी मारली, पाय खाली दाबायला लावला, वर उचलायला लावला, पिनेने पावलावर टोचलं. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे एक हाडाचा गोळा हाताला लागतो, तिथे बोट ठेवून विचारलं, "काका, तुम्ही पायावर पाय टाकून बसता का?"

"बसण्याला काय मनाई आहे?" दाजी म्हणाले.

"अहोरात्र बसतात," बायको म्हणाली. "लग्नापासून तो पाय खाली आलेला मी पाहिला नाही."

मग डॉक्टरने समजावून सांगितलं. या हाडाला वळसा घालून एक शीर खाली जाते आणि तिथे ती कातडीच्या अगदी जवळ असते. दाजी म्हणाले, म्हणजे रक्त अडलंय. ती म्हणाली नाही, आपल्याकडे रक्ताच्या नळीलाही शीर म्हणतात आणि हिलाही शीरच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. हिच्यातून रक्त जात नाही, हुकूम जातो. पाऊल वर उचल हा हुकूम याच शिरेतून खाली पोचतो. वजन उतरलं तेव्हा तिच्यावरची चरबीची गादी गेली, आणि वरून दिवसभर गुडघ्यावर गुडघा. आतला धागा तुटलेला दिसत नाही, बहुधा त्याच्यावरचं वेष्टन चेपलंय. ते पुन्हा भरून येतं. त्याला काही आठवडे लागतात, कधी महिनेही, पण बहुतेकांचा पाय पूर्ववत होतो.

खात्री करायला तिने त्यांना शेजारच्या खोलीत नेऊन शिरेला विजेचे बारीक झटके दिले. गुडघ्याच्या खाली झटका दिला की पाऊल टुणकन वर उडे. गुडघ्याच्या वर दिला की पाऊल ढिम्म. "बघा," ती खूश होऊन म्हणाली, "खालची तार जिवंत आहे. फक्त तुमचा हुकूम गुडघ्याशी अडतोय." दाजी आपल्याच पायाकडे बघत राहिले. त्यांच्या हुकमाला भीक न घालणारं पाऊल एका परक्या पोरीच्या बटणावर नाचत होतं, आणि बायको तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत होती.

डॉक्टरने प्लास्टिकची एक पट्टी दिली, ती बुटात घातली की पाऊल वर धरलेलं राहायचं. रोज हाताने पाऊल वर खाली करा म्हणजे टाचेची शीर आखडणार नाही, असं सांगितलं आणि लगेच हसून म्हणाली, ही तिसरीच शीर बरं का. उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय नाही, आणि बरं होईपर्यंत गाडी चालवायची नाही. काम काय करता? दाजी म्हणाले, शिक्षक आहे. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचा तिचा स्वभाव नव्हता, तेवढा एक दोष तिच्यात होता. डॉक्टर म्हणाली, मग काही अडचण नाही, बसून शिकवा.

दाजी बसून शिकवत राहिले. पट्टी घरापासून ड्रायव्हिंग स्कूलच्या कोपऱ्यापर्यंत बुटात असायची. कोपऱ्यावर ती निघून पिशवीत जायची.

पण गाडीत नवीनच पंचाईत झाली. पायावर पाय आता टाकायचा नव्हता, तेवढं त्यांनी घाबरून मानलं होतं. उजवा पाय खाली ठेवायचा तर तो ब्रेकपाशीच ठेवायला हवा, कारण ऐन वेळी उचलून तिथे नेता येईल याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी टाच ब्रेकसमोर रोवून ठेवली. धडधाकट माणूस अशा वेळी चवडा अधांतरी धरतो. दाजींचा चवडा धरला जात नव्हता. तो जाऊन ब्रेकवर पडे आणि तिथेच राहून जाई. जोरात नाही, पण गाडी कण्हत चालेल इतपत.

शिकाऊ लोकांच्या गाड्या बंद पडू लागल्या. दाजी ओरडत, अक्कल काढत. लोक घामाघूम होऊन अर्ध्या तासात हार मानत. फक्त इस्त्रीबाई मानत नव्हत्या. गाडी पुढे जात नाही म्हटल्यावर त्यांनी ॲक्सिलरेटर जास्त द्यायला सुरुवात केली. क्लच कुठे धरायचा, इंजिन कुठल्या आवाजाला मरतं, ते त्यांनी कानाने टिपलं. चढावर, ब्रेक लागलेली गाडी त्यांनी न थांबवता वर नेली. मागून एक टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ बाई, ब्रेक सोडा की, मघापासून लाल दिवा दाखवताय." बाईंनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं. पाय ब्रेकवर नव्हता. तरी त्यांनी तो आणखी बाजूला घेतला, आणि टेम्पोवाला तरीही ओरडतच राहिला.

दाजींनीही त्या वेळी खाली पाहिलं. ब्रेकवर एक बूट पडलेला होता. तो आपलाच आहे हे समजायला त्यांना क्षणभर वेळ लागला. त्यांनी मांडीला धरून पाय ओढून घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "गाडी चालवताय की नांगर?"

त्यांना कळलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्या क्षणापासून त्यांना सगळं कळलं होतं. पुढच्या चौकात पाय पुन्हा ब्रेकवर पडला, आणि त्यांनी तो पडू दिला.

काही दिवसांनी मेकॅनिकने चाकं काढली आणि मेहुण्याला बोलावून दाखवलं, ब्रेक पॅड जळून गेलेत, कोणीतरी सारखा ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतंय. मेहुण्याने दाजींना विचारलं, हे कुणाचं काम? दाजी ऑफिसातल्या खुर्चीत बसले होते, दोन्ही पाय जमिनीवर. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "इस्त्रीबाई. सांगून सांगून थकलो." मेहुण्याने पोट खाजवत मान हलवली आणि म्हणाला, काही लोकांना जन्मात जमत नाही. दाजींना त्याचं पटलं, निदान तसं त्यांनी तोंड केलं.

बाईंच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी दाजी पलंगावर बसून पावलाला रोजच्यासारखा हुकूम सोडत होते, आणि अंगठा हलला. आधी त्यांना भास वाटला. पुन्हा हुकूम सोडला, पुन्हा हलला, आणि त्याच्यामागून चवडाही थोडा वर आला. त्यांनी बायकोला हाक मारली. तिने बघितलं आणि म्हणाली, "आला बाई शुद्धीवर." तिच्या आवाजात आनंद होता. तो लपवायला तिने लगेच चादर झटकायला घेतली.

दाजींनाही आनंद झाला, पण त्यात एक हिशेबी गारवा होता. पाय बरा होतोय, म्हणजे आणखी थोड्या दिवसांनी तो कधी लोंबत होता हे कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही. सीट वाचली. चोराच्या पाऊलखुणा पावसाने धुऊन जाव्यात, तसं झालं.

परीक्षेला शेजारच्या सीटवर परीक्षक बसतो. हा परीक्षक पाय पार मागे घेऊन बसणारा होता. बाईंनी शिकल्याप्रमाणे क्लच धरला आणि इतके आठवडे द्यावा लागत होता तेवढा ॲक्सिलरेटर दिला. गाडीला धरून ठेवणारं आज कोणी नव्हतं. ती उसळली, रोवलेले दोन खांब आडवे करून तिसऱ्याला टेकली. परीक्षकाने कपाळाला हात लावला, बाईंना खाली उतरवलं आणि मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मेहुण्याला सांगितलं, ही बाई रस्त्यावर आणू नका. दाजी कुंपणापाशी उभे राहून हे सगळं बघत होते. गाडी का उसळली ते त्या मैदानावर एकट्या त्यांना समजलं होतं.

दुपारी ऑफिसात मेहुण्याने बाईंना समोर बसवलं. तो तसा वाईट माणूस नव्हता, पण धंदेवाईक होता. पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही, म्हणाला. लाँड्रीच्या मालकाचा फोन आला होता, त्याला मी काय ते सांगून टाकतो, उगाच तुमचीही आशा नको. बाई रडल्या नाहीत. पत्ता सांगावा तितक्या सरळ आवाजात म्हणाल्या, "दाजींचा दोष नाही. ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. माझ्या पायालाच अक्कल नाही." आणि मग त्यांना खोकला आला.

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी दाजींचं म्हणणं संपूर्ण मान्य केलं होतं. त्यांना किळस आली. आधी बाईंची आली, एवढं ऐकून घेतात म्हणून. मग परीक्षकाची, त्या गाढवाला गाडीचा आवाजही ओळखता येत नाही म्हणून. ब्रेक लागलेली गाडी चढावर नेणारी बाई त्याने आयुष्यात पाहिली होती का? दाजींनी तरी कुठे पाहिली होती? मग मेहुण्याची आली, त्याच्या पोटाची आली. सगळ्यांवरून नेहमीसारखी फिरून शेवटी ती किळस घरी परतली आणि तिथून हलेना. या खोलीतलं सगळ्यात हलकं माणूस कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आज पडला, आणि उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही.

"पाय माझा होता," दाजी म्हणाले.

मेहुण्याने विचारलं, कसला पाय? दाजींनी सांगितलं. शीर चेपली, पाऊल लोंबलं, ते ब्रेकवर पडून राहायचं. पॅड त्यांनी जाळले, बाईंनी नाही. बाई जास्तीचा ॲक्सिलरेटर द्यायला शिकल्या त्या त्यांच्यामुळे आणि आज खांब पडले तेही त्यांच्यामुळे. बोलताना ते कुणाकडेच बघत नव्हते.

मेहुणा आधी गोंधळला, मग हसायला लागला. "दाजी, तुम्हाला कधीपासून लोकांची दया यायला लागली? बाईंना बरं वाटावं म्हणून कायपण?"

"मी कुणाला बरं वाटावं म्हणून काही केलंय का आजवर?"

हे मेहुण्यालाही पटण्यासारखं होतं. तरी तो म्हणाला, दाखवा बघू पाय.

दाजींनी बूट काढला, मोजा काढला, टाच फरशीवर टेकवली आणि बोलण्याच्या भरात सकाळचं विसरून म्हणाले, बघ, उचल म्हटलं तरी उचलत नाही. आणि चवडा उचलला गेला. थरथरत, अगदी थोडा, पण सगळ्यांच्या देखत. इतके आठवडे ज्याच्या विनवण्या केल्या त्या पावलाने हुकूम ऐकायला नेमका हाच दिवस काढला होता. "हलतोय की," मेहुणा म्हणाला. फोनवाली मुलगी या वेळी पूर्ण हसली.

जन्मभर खोटं बोलून जो माणूस खरा ठरला होता, तो एकदाच खरं बोलून खोटा ठरत होता.

बाई हसल्या नव्हत्या. त्या खाली वाकून त्या उघड्या पावलाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वास यायचा जळल्याचा. टेम्पोवाला ओरडला. मी माझा पाय काढून बघितला, तरी ओरडतच राहिला. मला वाटायचं, माझा पाय कुठे आहे तेसुद्धा मला समजत नाही." मग त्यांनी मान वर केली. "तुम्हाला समजलं कधी?"

"त्याच दिवशी. टेम्पोवाला ओरडला तेव्हा."

बाईंनी मान हलवली. लाँड्रीत चादर उलगडावी, मधोमध डाग दिसावा आणि ती वेगळ्या ढिगात टाकावी, तशा त्यांनी दाजींवरून नजर काढली आणि मेहुण्याकडे वळल्या. परीक्षेची दुसरी तारीख त्याने मिळवून द्यायची, त्या म्हणाल्या. लाँड्रीच्या मालकाला तोपर्यंत थांबायला सांगायचं, आणि कारणही खरं सांगायचं. शेजारच्या सीटवर मेहुण्याने स्वतः बसायचं. मेहुण्याचं हसू आता मावळलं होतं, त्याला पॅड आठवले असावेत. तो हो हो म्हणाला आणि मग जरा अवघडून विचारू लागला, दाजींचं काय, त्यांना काही दिवस घरी...

"ते मागे बसतील," बाई म्हणाल्या. "माझी चूक माझी कधी असते ते त्यांना बघू दे."

त्याच दुपारी गाडी निघाली. मेहुण्याने पोट सावरून शेजारच्या सीटवर बसकण मारली आणि बाईंनी सांगितल्यावर दोन्ही पाय मागे घेतले. दाजी मागच्या सीटवर होते. पहिल्या वळणावर गाडी जरा जोरात सुटली, बाईंनी ती आवरली. दुसऱ्या वळणावर कमी सुटली. त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून थोडा थोडा वर येत होता, रोजच्या वजनातलं नको ते वजन शोधून काढून टाकत होता, आणि बाजारातला रस्ता संपेपर्यंत त्यांनी ते सगळं काढून टाकलं. चढ आला. गाडी न कण्हता वर गेली, उताराला लागली, सिग्नलला हळूच थांबली आणि धक्का न देता पुन्हा निघाली. दाजींच्या तोंडात बोलायला काहीतरी आलं. ते त्यांनी गिळलं, कारण ते कौतुक होतं आणि त्यांच्या तोंडून ते ऐकायला बाईंना काडीचाही रस नव्हता, हे त्यांना मागून नुसत्या मानेकडे बघूनही समजत होतं.

मेहुणा चकित होऊन बघत होता. "बाई, तुम्ही तर चालवता की. हे शिकवलं कुणी तुम्हाला?"

बाईंनी आरशात पाहिलं. आरशात मागचा रस्ता होता, आणि त्याच्या अलीकडे दाजी.

"ब्रेकनं," त्या म्हणाल्या, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली.

दाजींनी पावलाला हुकूम दिला. पाऊल उचललं गेलं, आता मघापेक्षा सहज. त्यांनी ते खाली आणलं तेव्हा बुटाखाली नुसता पत्रा लागला. मागच्या सीटपुढे दाबायला काहीच नव्हतं.